वाळवंटातील सरोवराकाठी, चाकांवरच्या घरातून

या पृष्ठांचे वाचक असलेल्या कितीतरी कुटुंबांतील मुलेमुली आज नोकरीनिमित्त अमेरिकेत राहतात. दोनचार वर्षांनी आईवडिलांना तिकडून बोलावणे येते, आणि महिना-दोन महिने नातवंडांत काढल्यावर एके दिवशी जावई किंवा मुलगा जेवताना विषय काढतो, ‘बाबा, या खेपेस आपण घरगाडी घेऊन सरोवरावर मुक्कामाला जाऊ या.’ आपण होकार देतो, कारण मुलांचा उत्साह मोडवत नाही. परंतु घरगाडी म्हणजे नेमके काय, तिच्यात झोपावयाचे कसे, अंघोळ करावयाची कोठे आणि औषधे ठेवावयाची कशात, हे विचारण्यास आपण संकोचतो. ते आधीच विचारावे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. म्हणूनच हा लेख प्रामुख्याने अशा आईवडिलांसाठी, आणि थोडासा त्यांच्या मुलांसाठीही, लिहीत आहे.

आमचे जाणे झाले ते मीड सरोवरावर. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर, कोलोराडो नदीला हूव्हर धरणाने अडविल्यामुळे हा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. धरणाचे काम १९३१ साली सुरू झाले आणि ३० सप्टेंबर १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पाणी साठविण्याच्या क्षमतेने पाहिले तर अमेरिकेतील हा सर्वांत मोठा जलाशय. एल्वुड मीड हे तेथील भूसुधार खात्याचे प्रमुख होते. त्यांचेच नाव सरोवरास दिले आहे. भोवतालचा प्रदेश १९६४ साली ‘राष्ट्रीय विहारक्षेत्र’ म्हणून घोषित झाला. त्या देशात हा दर्जा मिळालेले हे पहिलेच क्षेत्र होय, आणि त्याची व्यवस्था राष्ट्रीय उद्यान-सेवा पाहते.

धरणाचे नाव काढले की आपल्याकडील वडीलधाऱ्या वाचकांना भाक्रा आठवल्यावाचून राहणार नाही, आणि ही आठवण अगदी अस्थानी नाही. हूव्हर धरणाची उंची सुमारे २२१ मीटर. भाक्रा त्याहून किंचित उंच, २२६ मीटर. दोन्ही काँक्रीटची, दोन्ही अरुंद दरीत उभी. भाक्राच्या बांधकामावर हार्वे स्लोकम हे अमेरिकी बांधकामतज्ज्ञ बरीच वर्षे राबले, आणि २२ ऑक्टोबर १९६३ रोजी पंडित नेहरूंनी ते धरण राष्ट्राला अर्पण केले. गोविंदसागर ज्यांनी पाहिला आहे त्यांनी डोळ्यांपुढे तो आणावा, आणि मग त्याच्या काठचे सारे हिरवेपण पुसून टाकावे. उरतील त्या तांबूस, करड्या, उघड्याबोडक्या टेकड्या, आणि त्यांच्या कुशीत अकस्मात दिसणारे गडद निळे पाणी. मीड सरोवराचे प्रथमदर्शन असे होते.

आता बेताकडे वळू. पहिला प्रश्न ऋतूचा, आणि त्यावर तडजोड नको. जून ते सप्टेंबर या काळात तेथे जाऊ नये. जुलै महिन्यात त्या भागात चाळीस अंशांहून अधिक तापमान ही रोजची गोष्ट असते. जवळच्या लास व्हेगास शहरात ७ जुलै २०२४ रोजी पारा ४९ अंशांच्या आसपास पोहोचला होता. ‘आम्ही नागपूरचे, आम्हांला उन्हाचे काय,’ असे म्हणणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की नागपूरला उन्हात आपण घरात बसतो, पन्हे पितो. येथे आपले घरच पत्र्याचे असून ते उन्हात उभे असते. घरगाडीच्या छतावरील वातानुकूलन यंत्राला बाहेरून वीज लागते किंवा गाडीतील जनित्र चालवावे लागते. नुसत्या बॅटरीवर ते चालत नाही. विजेविना ग्रीष्मातला मुक्काम म्हणजे केवळ गैरसोय नव्हे, जिवाशी खेळ आहे. आसपासच्या काही गरम झऱ्यांच्या पायवाटा तर उद्यान-सेवा स्वतःच उन्हाळ्यात बंद ठेवते. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ उत्तम. आम्ही नोव्हेंबर निवडला होता: दिवसा वीस अंश, रात्री सातआठ. वसंतात फुले असतात, पण वाराही असतो. त्याविषयी पुढे सांगेन.

दुसरा प्रश्न गाडीचा. भाड्याने मिळणाऱ्या घरगाड्यांचे प्रकार पुष्कळ असले, तरी आपल्यासारख्या कुटुंबास बहुधा एकच सोयीचा ठरतो. मालमोटारीच्या सांगाड्यावर खोली बसविलेली, चालकाच्या डोक्यावर एक बिछाना असलेली, सातआठ मीटर लांबीची गाडी. तिच्यात चारपाच माणसे निजू शकतात. बसइतकी प्रचंड गाडी प्रथमच चालविणाऱ्याने घेऊ नये, आणि मोटारीमागे जोडावयाचा डबा घेतला तर तो मागे घेण्याची कला आधी शिकावी लागते. ती एका दुपारीत येत नाही. उंची किती आहे हे कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावे. पेट्रोल-पंपाचे छप्पर, हॉटेलाची कमान, झाडाची फांदी, ही सारी साध्या मोटारीच्या सवयीने विसरली जातात. गाडी जावयाने किंवा मुलाने चालवावी. आपल्यापैकी कोणी चालविणार असेल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा आणि भाड्याच्या कंपनीची अट आधी वाचावी.

आत शिरल्यावर जे दिसते त्याचे वर्णन करतो, कारण ते कोणी करीत नाही. एका भिंतीशी गॅसची शेगडी, लहानशी मोरी आणि शीतकपाट. समोर मेज व बाके, जी रात्री मोडून बिछाना होतात. मागे एक शय्या. आणि मधे कपाटाएवढ्या जागेत शौचालय व स्नानगृह. हे सारे तीन गोष्टींवर चालते: टाकीतले पाणी, सिलिंडरमधला वायू, आणि वीज. या तिघांपैकी विजेनेच आम्हांला फसविले, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर.

गाडीत दोन तऱ्हेची वीज असते. एक बारा व्होल्टची, घरासाठीच्या बॅटरीतून येणारी. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप आणि उबेच्या भट्टीचा पंखा चालतो. दुसरी एकशेवीस व्होल्टची, जी मुक्कामाच्या जागी खांबावरून जोडून घ्यावी लागते किंवा जनित्रातून मिळते. (येथून आवडीने नेलेले मिक्सर तेथे उपयोगी पडत नाही, कारण आपले यंत्र दोनशेतीस व्होल्टचे. प्रेशर कुकर आणि तवा मात्र अवश्य न्यावा.) सरोवराकाठी उद्यान-सेवेची जी मुक्कामस्थळे आहेत, उदाहरणार्थ बोल्डर बीच, तेथे पिण्याचे पाणी, शौचालये आणि मैल्याची टाकी रिकामी करण्याची सोय असते, पण प्रत्येक गाडीजवळ विजेचा खांब नसतो. ठेकेदारांनी चालविलेल्या गाडीतळांवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी ही तिन्ही जागेवरच मिळतात. पहिल्या प्रकारची जागा अधिक रम्य व स्वस्त, दुसरी अधिक सोयीची. आम्ही अर्थातच रम्य जागा पसंत केली.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे आणि ती इन्शुलिन घेते. प्रवासात पुढच्या सहा आठवड्यांच्या कुप्या आमच्याबरोबर होत्या. गाडीतील शीतकपाट वायूवर चालते, तेव्हा विजेची काळजी नको, असे आम्हांला आगारात सांगण्यात आले होते. सांगणे खोटे नव्हते, अपुरे होते. शीतकपाटाची ज्योत वायूवर पेटते, पण तिचे नियंत्रण करणारी लहानशी यंत्रणा बॅटरीवर चालते. पहिल्या रात्री थंडी वाजू लागली म्हणून आम्ही भट्टी लावून निजलो. तिचा पंखा रात्रभर बॅटरी शोषीत राहिला, आणि ती बॅटरी जुनी होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास वायूची सूचना देणारे यंत्र टिक-टिक करू लागले. प्रथम वाटले गॅस गळतो आहे. सर्वांना उठवून, शाली गुंडाळून आम्ही बाहेर उभे राहिलो. गळती नव्हती, विजेचा दाब उतरला म्हणून ते यंत्र ओरडत होते. भट्टी थांबली होती आणि शीतकपाटाचा दिवा विझला होता.

जनित्र चालू करावे तर रात्री दहा ते सकाळी सहा हा उद्यानातील शांततेचा काळ. शेजारच्या गाड्यांत माणसे निजलेली. जावई म्हणाला, दंड झाला तर होऊ दे, मी चालू करतो. तेव्हा पत्नीनेच त्याला थांबविले. ती पंचवीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवीत होती. ‘बाहेर आठ अंश आहेत. कपाट उघडू नका, एवढे पुरे,’ असे म्हणून ती पुन्हा पांघरुणात शिरली. तिचे म्हणणे बरोबर होते. बंद शीतकपाट काही तास थंडच राहते. शिवाय बहुतेक प्रकारचे इन्शुलिन तीस अंशांखालील साध्या हवेतही सुमारे चार आठवडे टिकते. उलट ते गोठले तर निकामी होते, म्हणून ते बर्फाला चिकटवून ठेवणे हीच मोठी चूक. हे आम्हां सर्वांना ऐकून माहीत होते, पण अंधारात उभे असताना आठवले एकटीला. सकाळी आठ वाजता जनित्र लावले आणि दुपारी गाडी विजेच्या खांबाजवळ हलविली. हाच प्रसंग जुलैत घडला असता तर काय, हा विचार मी तेव्हा बोलून दाखविला नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की ज्यांच्याबरोबर वृद्ध माणसे, तान्ही मुले किंवा थंड ठेवावयाची औषधे आहेत, त्यांनी पहिले दोन मुक्काम तरी वीज असलेल्या जागी करावेत. गाडी ताब्यात घेताना भट्टी, शीतकपाट आणि पंप हे तिन्ही बाहेरची वीज न जोडता अर्धा तास चालवून पाहावेत. आगारातील माणसाला घाई असते. आपण करू नये. आणखी एक बारकावा म्हणजे वायूवर चालणारे शीतकपाट गाडी सपाट उभी असेल तरच नीट थंड होते. चाकांखाली ठेवावयाचे प्लॅस्टिकचे ठोकळे मागून घ्यावेत आणि मेजावर पाण्याचा पेला ठेवून समतोल पाहावा.

पाण्याचा हिशेब आपल्या लोकांना शिकवावा लागत नाही. ज्या घरात नळ दिवसाला एक तास येतो, तेथील गृहिणीला दीडशे लिटरची टाकी पाच माणसांत दोन दिवस कशी पुरवावी हे उपजतच कळते. अंग भिजवावे, पाणी बंद करावे, साबण लावावा, पुन्हा पाणी सोडावे. नातवंडांना हे नवलाचे वाटते, आजीला नाही. पिण्याचे पाणी मात्र निराळे भरून घ्यावे, दर माणशी दर दिवशी चार लिटर या प्रमाणाने. वाळवंटात घाम निघताच वाळतो. आपण भिजलो नाही म्हणून तहानलोही नाही असा भ्रम होतो.

आता ज्या विषयावर सारेच मौन पाळतात तो. गाडीच्या पोटात वापरलेल्या पाण्याच्या दोन टाक्या असतात. मोरी व स्नानाचे पाणी एकीत जाते, शौचालयाचे दुसरीत. दर दोनतीन दिवसांनी त्या ठरावीक जागी रिकाम्या कराव्या लागतात. रबरी हातमोजे घालावेत, नळी दोन्ही टोकांस घट्ट बसली आहे ना ते पाहावे, प्रथम शौचालयाची टाकी सोडावी आणि मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. क्रम चुकला तर काय होते ते विचारू नका. मोरीचे पाणी ‘त्यात काय, झाडांना जाईल’ म्हणून जमिनीवर सोडणे तेथे गुन्हा आहे. आमच्या घरी हे काम जावई आणि मी मिळून केले. त्या अर्ध्या तासात सासरा-जावयामधला जो काही औपचारिकपणा दहा वर्षे टिकून होता, तो संपला.

फीनिक्सहून निघालात तर रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा. विकनबर्ग सोडल्यावर निवडुंगांचे आणि जोशुआ वृक्षांचे रान लागते. किंगमन हे वाटेतले मोठे गाव. वाणसामान, पेट्रोल आणि वायू तेथेच भरून घ्यावा, कारण पुढे शंभराहून अधिक किलोमीटर फारसे काही नाही. लॉस एंजलिसहून येणाऱ्यांना चढाचे रस्ते लागतात. गाडी जड असते, इंजिन तापते, तेव्हा चढावर थंड हवेचे यंत्र बंद ठेवावे. परत कॅलिफोर्नियात शिरताना शेतमालाची तपासणी होते आणि फळे विचारली जातात; संत्री-लिंबे मुक्कामीच संपवावीत. चालत्या गाडीत कोणी उभे राहून चहा करू नये, हे सांगण्याची वेळ यावी याचेच मला आश्चर्य वाटते. परंतु शेगडी समोर दिसली की मोह होतो. प्रत्येकाने पट्टा बांधून बसावे आणि कपाटांच्या कड्या लावल्या आहेत की नाहीत हे निघण्यापूर्वी एकाने पाहावे. पहिल्याच वळणावर आमचा पोह्यांचा डबा खाली आला आणि पोहे पुढचे चार दिवस सापडत राहिले.

ॲरिझोनातून नेवाडात जाताना हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे जाते. उन्हाळ्यात जात नाही, कारण ॲरिझोना घड्याळे बदलीत नाही आणि नेवाडा बदलतो. औषधांच्या वेळा ज्यांना पाळावयाच्या आहेत त्यांनी मनगटावरील घड्याळ जुन्याच वेळेवर ठेवावे, म्हणजे वाद होत नाहीत.

सरोवराचे जवळचे गाव बोल्डर सिटी. १९३१ साली धरणावरील कामगारांसाठी ते वसविले गेले. जुगाराबद्दल जगप्रसिद्ध असलेल्या नेवाडा राज्यात राहूनही या गावात जुगारास बंदी आहे. तेथे रुग्णालय आहे, दुकाने आहेत. मुक्कामी पोहोचण्याआधी रुग्णालयाचा रस्ता पाहून ठेवावा आणि ९११ हा आणीबाणीचा क्रमांक लहान मुलांनाही पाठ करून द्यावा. डोंगर उतरून रानमेंढे गावातील एका सार्वजनिक बागेत हिरवळ चरावयास येतात. वळलेल्या शिंगांचे ते धिप्पाड मेंढे नातवंडांनी इतके मन लावून पाहिले की धरणासाठी ठेवलेला वेळ तेथेच सरला. त्यांच्या जवळ जाऊ नये आणि त्यांना खाऊ घालू नये. वाळवंटी कासव दिसले तरी उचलू नये. भ्यालेले कासव साठविलेले पाणी टाकून देते आणि त्या प्रदेशात ते पाणी गमावणे त्याच्या प्राणावर बेतू शकते.

धरण पाहावयाचेच. वाटेत वाहनांची तपासणी होते, घरगाडीची विशेष. बांधकामाच्या काळी काँक्रीट थिजताना उष्णता बाहेर पडते ती घालविण्यासाठी त्यात नळ्या पुरून थंड पाणी खेळविले होते. नाहीतर एवढा गोळा निवण्यास कित्येक दशके लागली असती. त्या कामावर ९६ माणसे मृत्युमुखी पडल्याची अधिकृत नोंद आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जुन्या रेल्वेमार्गाची पायवाट धरावी. धरणाचे सामान नेण्यासाठी टाकलेले रूळ आता काढले आहेत, पाच भव्य बोगदे शिल्लक आहेत, वाट जवळजवळ सपाट आहे, आणि एका बाजूस सतत सरोवर दिसते. पत्नी आणि मी पहिल्या दोन बोगद्यांपर्यंत गेलो व परतलो. मुले पुढे गेली.

या वाटेवरून एक गोष्ट नजरेत भरते. सरोवराच्या काठाला, पाण्याच्या वर, पांढराशुभ्र पट्टा उमटला आहे. जणू अर्ध्या भरलेल्या हंड्याच्या आतली क्षाराची रेघ. पाणी पूर्वी तेथवर होते. जलाशय भरला असता त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,२२९ फूट असते. २०२२ च्या जुलैत ती सुमारे १,०४० फुटांवर उतरली आणि साठा क्षमतेच्या २७ टक्के उरला. त्यापूर्वी, ऑगस्ट २०२१ मध्ये, या नदीवर प्रथमच अधिकृतरीत्या पाणीटंचाई जाहीर करावी लागली होती. नंतर पातळी थोडी वर आली, पण पट्टा झाकला गेला नाही. सुमारे अडीच कोटी माणसे या जलाशयाच्या पाण्यावर अवलंबून आहेत. १९२२ साली सात राज्यांनी नदीचे पाणी वाटून घेण्याचा करार केला, तो नदीला भरपूर पाणी असण्याच्या वर्षांवर बेतलेला होता. पुढे पाऊस कमी झाला, हवा तापली, आणि वाटण्या मात्र कागदावर तशाच राहिल्या. कावेरी आणि कृष्णेच्या खोऱ्यांत राहणाऱ्या वाचकांना यावर अधिक भाष्य नको. सरोवराच्या उत्तर फाट्यात सेंट टॉमस नावाचे १८६५ साली वसलेले गाव १९३८ मध्ये पाण्याखाली गेले होते. २००२ पासून त्याची जोती पुन्हा उघडी पडली. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ वर येते, तसे. फरक इतकाच, की पळसदेव पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बुडते.

या उतारामुळे प्रवाशाच्या बेतातही फरक पडतो. जुन्या चित्रांत गाडीच्या दारापाशी दिसणारे पाणी आता बरेच दूर गेले आहे. तेथवर खडे तुडवीत जावे लागते, तेव्हा पायांत चपला नव्हे, बूट हवेत. नावा पाण्यात सोडण्याचे काही धक्के कोरडे पडून बंद झाले. नाव भाड्याने घ्यावयाची असल्यास कोणता धक्का चालू आहे हे निघण्याच्या आठवड्यात उद्यान-सेवेच्या संकेतस्थळावर पाहावे. महिन्यापूर्वीची माहिती उपयोगाची नाही. मुक्कामाच्या जागेचे आरक्षण व शुल्कही तेथेच कळते. स्वतःची नाव नेणाऱ्यांनी ती परतताना धुऊन, निथळून, वाळवूनच हलवावी. २००७ च्या जानेवारीत या सरोवरात क्वाग्गा नावाचा परका शिंपला सापडला आणि तो नावांना चिकटून इतरत्र पसरतो.

पाण्यात उतरताना सावध असावे. काठावर जीवरक्षक नसतात. मुलांसाठी हवा भरलेले हंस आणि गाद्या लोक हौसेने नेतात, आणि वारा सुटला की त्या क्षणार्धात मुलासकट दूर जातात. या सरोवरावर माणसे बुडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. जीवरक्षक जाकीट अंगावर असावे, नावेत पडलेले नव्हे. गरम झऱ्यांच्या कुंडात गेलातच तर डोके पाण्याखाली घालू नये. तेथील उबदार पाण्यात नाकावाटे मेंदूत शिरणारा एक घातक अमीबा असू शकतो. गाडीला जोडलेला कापडी मांडव सायंकाळी गुंडाळून ठेवावा. आमच्या शेजाऱ्यांनी तो तसाच ठेवला होता, आणि दुसऱ्या रात्रीच्या वाऱ्याने तो गाडीच्या छतावर उलटा टाकला. मुक्काम कधीही कोरड्या ओढ्याच्या पात्रात करू नये. जागा मऊ, सपाट व मोफत दिसते; परंतु दहा कोसांवर पडलेल्या पावसाचा लोंढा तेथे ऊन असतानाही येतो.

मुक्कामस्थळी सावलीसाठी जी झुडपे लावली आहेत त्यांत आपल्या ओळखीची कण्हेर आहे. इतक्या दूरवर ती पाहून पत्नीस फुले तोडण्याचा मोह झाला. घरी आपण ती देवाला वाहतो, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे हे मुलांना ठाऊक नसते. तिच्या काड्या शेकोटीत घालू नयेत, कणीस टोचून भाजण्यास घेऊ नयेत.

स्वयंपाकाचे म्हणाल तर थोडक्यात भागते. खिचडी, पिठले, थालीपिठाची भाजणी. फोडणीच्या धुराने गाडीतील सूचनायंत्र केकाटते, म्हणून फोडणी खिडकी उघडून, पंखा लावून द्यावी किंवा सरळ बाहेरच्या शेगडीवर द्यावी. भाजणीच्या वासाने पलीकडच्या गाडीतील एक वृद्ध जोडपे चौकशी करीत आले. ते सहा महिने असेच फिरत असतात. घर विकून टाकले आहे. जाताना त्यांनी आम्हांला ठोकळ्यांची एक जोडी भेट दिली, कारण आमची गाडी किंचित कललेली आहे हे त्यांच्या लक्षात आले होते आणि आमच्या आले नव्हते.

संध्याकाळ तेथे लवकर होते. नोव्हेंबरात साडेचारलाच सूर्य टेकड्यांआड जातो, पाणी आधी तांबूस आणि मग जांभळे दिसते. पश्चिमेला लास व्हेगासच्या दिव्यांची झळाळी आकाशात शिल्लक राहते, पण पूर्वेकडे तोंड करून खुर्च्या मांडल्या तर मृग नक्षत्र उगवताना दिसते. नातवाला तीन तारे दाखविले. त्याने त्यांना शिकाऱ्याचा पट्टा म्हटले, आजीने बाण म्हटला. तेवढ्यावरून अर्धा तास चर्चा चालली.

परतीच्या दिवशी दोन तास हाताशी ठेवावेत. दोन्ही टाक्या रिकाम्या करणे, पेट्रोल आणि वायू ठरल्याप्रमाणे भरणे, चादरींच्या घड्या, प्रत्येक खण उघडून पाहणे. आगारात बॅटरीविषयीची तक्रार आम्ही लिहून दिली आणि त्यांनी ती मान्य करून एका दिवसाचे भाडे परत केले. गाडीच्या किल्ल्या दिल्यावर पत्नी पुन्हा आत गेली. शीतकपाटाच्या दारात, अंड्यांच्या खोबणीत, इन्शुलिनची एक कुपी राहिली होती.